मन मोजायला आलेली माणसं

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या जुन्या कला महाविद्यालयात मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे साधारण एक लांबट खोली, चार-सहा टेबलं आणि काचेच्या दारांचं एक कपाट. कपाटात आरसा बसवलेली लाकडी चौकट असते. हातापुढे आडपडदा, खाली कागदावर चांदणीची आकृती, आणि ती आकृती आरशात पाहून पेन्सिलीने गिरवायची. पहिल्या खेपेला पेन्सिल हमखास उलट्या दिशेला पळते. शेजारी मुलर-लायरच्या रेषांची पट्टी असते. दोन्ही रेषा सारख्याच, पण टोकाचे पंख आत वळलेत की बाहेर यावरून एक आखूड वाटते, दुसरी लांब. शिवाय स्टॉपवॉच, चक्रव्यूहाची पाटी, आग्र्याहून मागवलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे. बी.ए.च्या मुली जोडीजोडीने बसतात, एक प्रयोगकर्ती आणि दुसरी प्रयुक्त. जर्नल पुरं झालं, सरांची सही मिळाली की प्रात्यक्षिकाचे गुण पदरात पडले. मानसशास्त्र घेणाऱ्यांत या गुणांसाठी घेणारेही असतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आजारी मन बरं करण्याचं साहित्य या कपाटात शोधून सापडत नाही. माणसाला तपासून, निदान करून, त्याच्याशी बोलून उपचार करणारी जी शाखा, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्र, ती या दोन जिल्ह्यांत फार आडवळणाने आली. त्या वळणांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. इथे मन मोजणारा आधी पोचला. बरं करणारा बराच मागून आला, तोही थोड्या संख्येने.

मोजण्याची सर्वांत जुनी पेटी धारवाडहून आली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये एक चाचणी तयार केली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात कन्नड आणि मराठी मुलांना समोर बसवून ती नव्याने बेतली. 'मुंबई-कर्नाटक आवृत्ती' हे तिचं नाव. तिच्यावरचं त्यांचं 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक १९४० मध्ये ऑक्सफर्डने काढलं. ऐकलेले अंक उलट्या क्रमाने म्हणून दाखव, चित्रात काय चाललंय ते सांग, या दोन वस्तूंत सारखं काय आहे, असे प्रश्न वयानुसार चढत जातात. दुसरी पेटी नागपूरची. डॉ. आर्थर मालिन यांनी तिथे वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीला भारतीय रूप दिलं आणि मुलाची सामाजिक समज मोजणारी वाइनलँड श्रेणीही इकडच्या मुलांसाठी बसवून घेतली. ती आजही 'नागपूर आवृत्ती' म्हणूनच ओळखली जाते. बौद्धिक दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र हवं असेल तर जिल्हा रुग्णालयात अजून याच पेट्या उघडतात.

आणि पेटी उघडली की पंचाईत सुरू होते. मुखेड-कंधारकडच्या तांड्यावरचं लेकरू घरात गोरमाटी बोलतं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात तेलुगू चालते. उदगीर-निलंग्याच्या शिवारात कानडी. किनवटच्या डोंगरात गोंडी. नांदेडच्या जुन्या वस्तीत उर्दू. मराठी बोलणारंही लेकरू "काय करुलालास?" अशा मराठीत वाढलेलं. त्याला कुणी परक्या माणसाने खुर्चीवर बसवून पुस्तकी मराठीत दोन शब्दांतलं साम्य विचारलं तर ते आईच्या पदराकडे पाहतं. कागदावर त्याचा बुद्ध्यंक कमी भरतो. अनुभवी परीक्षक हे ओळखतो, प्रश्न लेकराच्या बोलीत फिरवतो, आईला जवळ बसू देतो. हे कोणत्याही चाचणीच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसतं. त्या त्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यालाच ते जमतं.

उपचारांचा इतिहास मात्र एका उचलून नेलेल्या इस्पितळापासून सुरू होतो. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाचं मनोरुग्णालय जालन्यात होतं. म्हणजे सगळ्या संस्थानात वेडाच्या उपचाराचं ठिकाण मराठवाड्याच्याच वाट्याला आलेलं. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, आणि १९५३ मध्ये हे रुग्णालय जालन्याहून हैदराबादच्या एर्रागड्ड्याला हलवलं गेलं. पुढे तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. रुग्णालय राज्याच्या सीमेपलीकडे राहिलं आणि रुग्ण अलीकडे. महाराष्ट्राच्या वाट्याला येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मोठी मनोरुग्णालयं आली, चारही इंग्रजी अमदानीतली. मराठवाड्यात एकही नव्हतं. जालन्यात पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायला मंजुरी मिळाली ती अलीकडच्या काळात, राजेश टोपे आरोग्यमंत्री असताना.

मधल्या दशकांत लातूरच्या माणसाने काय केलं? घरातलं कुणी भ्रमिष्ट झालं तर आधी देव, मग दर्गा, मग गावचा जाणता. शेवटी पैसा आणि धीर उरला तर पुणे. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीतून कुर्डुवाडी गाठायची आणि तिथून मोठ्या गाडीने पुढे. ओरडणाऱ्या, कपडे फाडणाऱ्या माणसाला घेऊन हा प्रवास कसा होत असेल याची कल्पना केली की आधी देवाकडे का जात, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लातूर, नांदेड, धाराशिव आणि पलीकडचं बिदर या पट्ट्यात आणखी एक प्रकार ठाण मांडून होता, तो म्हणजे भानामती. अंगावर आपोआप बिब्ब्याच्या फुल्या उठणं, घरावर दगड येणं, दोरीवरचे कपडे पेटणं, आणि सर्वांत भयंकर म्हणजे बायकांचं एकाएकी कुत्र्यासारखं भुंकणं किंवा मांजरासारखं ओरडणं. एका घरात सुरू झालं की गल्लीत पसरायचं. मग ते कुणी केलं याचा शोध, आणि ज्याच्यावर बोट ठेवलं त्याचे हाल. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली भानामतीचा विषय मराठवाड्यात नेटाने लावून धरला. भुंकणारी बाई ढोंग करत नाही, तिच्यावर कुणी करणीही केलेली नाही. सासरी बोलता न येणारं काहीतरी असं शरीरातून बाहेर पडतं, असं कार्यकर्ते सांगत. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की तिथे डाग उठतो, हे ते लोकांना करूनही दाखवत. चिकित्सा मानसशास्त्रातली ही पहिली लोकशिक्षणाची फेरी म्हणायला हरकत नाही, जरी फेरी काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मानसशास्त्राची परीक्षा दिलेली होती. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरला.

देवस्थानांकडे पाहण्याची दुसरीही एक नजर होती. व्हिएडा स्कुल्टन्स या ब्रिटनमधल्या मानववंश अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या रुग्ण-कुटुंबांवर १९८७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथे रुग्णाबरोबर आलेल्या आई-बायकोच्याच अंगात येतं आणि घरच्या माणसाचा आजार ती स्वतःवर ओढून घेते, असं तिने नोंदवलं. सेवा करणारीचा जीव कुठे मेटाकुटीला येतो, हे या निबंधातून दिसतं. नांदेड-लातूरच्या संशोधकांनी हा धागा उचलायला हवा होता. माहूर नांदेड जिल्ह्यातच, आणि तिथे महानुभावांचं देवदेवेश्वर मंदिर.

मग १९९३ साल उजाडलं.

खरं तर जमीन १९९२ च्या उत्तरार्धापासूनच हलत होती. किल्लारीच्या आसपास धक्के बसायचे, लोक रात्री अंगणात झोपायचे, काही दिवसांनी पुन्हा आत जायचे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपलेले असताना, सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा तालुक्यातली किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर यांच्या भोवतालची गावं काही सेकंदांत खाली बसली. घरं दगड-मातीची, वर माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारा तो मातीचा जाड थर झोपलेल्यांच्या अंगावर आला. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. त्यात बायका आणि मुलं जास्त, असं एस. परशुरामन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवलं आहे.

त्या वेळी लातुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. ते २००२ मध्ये आलं. नांदेडचं १९८८ चं, म्हणजे अवघं पाच वर्षांचं. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय थोडं जुनं. लातूरचं विवेकानंद रुग्णालय डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुरू केलेलं. भूकंपाचे जखमी उचलण्यात ते पुढे होतं. मोडलेली हाडं, चिरडलेले पाय, सामुदायिक चिता यांत पहिले आठवडे गेले. मनाचं कुणी विचारण्याची ती वेळही नव्हती.

मनाचं विचारायला माणसं आली ती महिन्याभराने. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून प्रताप शरण, शेखर सक्सेना आणि त्यांचे सहकारी वाचलेल्यांना भेटले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांमुळे अमेरिकेने १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकार हे नवं निदान आपल्या यादीत घातलं होतं. ते निदान आता तेरणा नदीकाठच्या शेतकऱ्याला लावून पाहायचं होतं. १९९६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त त्यांचा छोटेखानी अहवाल छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना निदान करता येण्याजोगा मनोविकार होता. आघातोत्तर ताणविकार आणि तीव्र नैराश्य ही दोन निदानं प्रत्येकी साधारण पाचातल्या एकाला लागू पडली. यातले शेखर सक्सेना पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य विभागाचे प्रमुख झाले. भूकंपाचं मानसशास्त्र हा विषय भारतीय नियतकालिकांत आणि बाहेर गांभीर्याने येऊ लागला, त्यात या तीन पानांचा वाटा मोठा आहे.

याच काळात पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही इथे काम उभं केलं. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक-संचालक होते डॉ. मोहन आगाशे. बाकीच्या महाराष्ट्राला ते 'घाशीराम' नाटकातले नाना म्हणून माहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने त्यांनी भूकंपाच्या आरोग्यपरिणामांचं, त्यातही मानसिक आरोग्याचं, एक प्रगत संशोधन केंद्र चालवलं. एकदा येऊन प्रश्नावली भरून नेण्यापेक्षा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणं हा त्यातला वेगळेपणा. विद्यापीठाची प्रयोगशाळा ज्याला म्हणतात, तसं काही लातूर भागात खरोखर उभं राहिलं असेल तर ते हेच. फक्त त्याला भिंती नव्हत्या, भूकंपग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची पत्र्याची शेड होती, आणि 'प्रयुक्त' गुणांसाठी बसलेला नव्हता.

अशा कामात तपासणाऱ्याची खरी कसोटी निदानाच्या यादीपेक्षा बोलण्यात लागते. "तुम्हाला उदास वाटतं का?" असं विचारलं तर समोरची बाई म्हणणार, घरातली चार माणसं गेली, वाटणारच की. छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, डोकं जड पडतं, अन्नाची वासना राहिली नाही, कुत्रं भुंकलं तरी दचकायला होतं, हे ती आपणहून सांगते. यातला दुःखाचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे ठरवायला घाईचा माणूस उपयोगी नाही. त्यातून एकाच दारात तलाठी, इंजिनिअर, संस्थेचा कार्यकर्ता, पत्रकार आणि मनोविकारतज्ज्ञ रांगेने यायचे. वहीत लिहून घेणाऱ्याला मदत देणारा समजणं आणि त्याप्रमाणे उत्तर देणं, यात माणसांची काही चूक नाही. पण संशोधनाच्या दृष्टीने तो मोठाच घोळ.

मनाबद्दलची एक मोठी गोष्ट तर मानसशास्त्रज्ञांच्या आधी इंजिनिअरांना कळली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी वसवायची होती, आणि बाकीच्या शेकडो गावांत घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. लोकांना दगड नको होता. ज्याने माणसं मारली त्याच्याखाली पुन्हा झोपायचं नाही, हा हट्ट. नीट बांधलेली दगडी भिंत टिकते, हे आकडेवारीने पटेना. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने सरकारच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या केल्या, हजाराहून अधिक गावांत. काम कागदोपत्री दुरुस्तीचं: कुणाचा हप्ता अडला, पट्टी कुठे घालायची, सिमेंट किती. प्रत्यक्षात ती बाई घराच्या उंबऱ्यावर बसून भीतीचं ऐकून घ्यायची, कारण भीती उतरल्याशिवाय भिंत उभी राहत नव्हती. त्यांना समुपदेशक असं कुणी म्हटलं नाही. पुढे २००१ मध्ये भुजचा भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या या बायका कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या.

मुलांच्या वाट्याला तिसराच अनुभव आला. भारतीय जैन संघटनेचे शांतीलाल मुथ्था सुमारे १,२०० मुलं पुण्याला शिक्षणासाठी घेऊन गेले. त्यांच्यासाठी वाघोलीत शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' सुरू केलं. एका वाटेने मूल गावापासून आणि स्मशानापासून दूर गेलं, मोठ्या शहरात शिकलं. दुसऱ्या वाटेने ते आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत राहिलं. कोणतं बरं, याचं उत्तर मानसशास्त्राने द्यायला हवं, आणि ते देण्यासाठी याहून चांगली परिस्थिती जगात क्वचित कुठे सापडेल.

भूकंपाला वर्ष होत आलं असताना, १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या मुहूर्तावर नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तोवर या भागातली महाविद्यालयं १९५८ च्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्याच्याही आधी उस्मानियाला. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे लातूरचे, राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य. विष्णुपुरीच्या माळावर विद्यापीठ वाढलं, लातूरला उपकेंद्र झालं, आणि मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना औरंगाबादच्या खेपा घालण्याची गरज उरली नाही.

मग विषय कोणते घेतले गेले? इथे जरा कटू बोलणं भाग आहे. मराठवाड्यातल्या प्रबंधांच्या याद्या चाळल्या तर समायोजन, संपादन-प्रेरणा, भावनिक परिपक्वता, चिंता हे शब्द आलटून पालटून भेटतात. पन्नास ग्रामीण, पन्नास शहरी, त्यात निम्मी मुलं, निम्म्या मुली, आग्र्याची हिंदी प्रश्नावली मराठी करून वाटायची, टी-मूल्य काढायचं, फरक लक्षणीय आहे किंवा नाही हे सांगून मोकळं व्हायचं. असल्या प्रबंधात लातूरच्या जागी भोपाळ घातलं तरी एक ओळ बदलावी लागत नाही. दोष विद्यार्थ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मार्गदर्शकाकडे रुग्णालय नाही, रुग्णालयाकडे मानसशास्त्रज्ञ नाही, आणि नोकरीसाठी पदवी वेळेत हवी. सुट्टीत गावी गेलेल्या विद्यार्थ्याला शंभर कागद भरून आणणं जमतं. वर्षभर एका वॉर्डात बसणं जमत नाही.

इथे कायद्याचीही एक मेख आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा आल्यापासून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि तिच्या नोंदवहीत नाव लागतं. बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेत हे शिक्षण १९५५ पासून चालत आलेलं आहे. तिथे दोन वर्षं रुग्णांच्या सहवासात काढावी लागतात. नुसतं एम.ए. झालेल्याला ती पाटी लावता येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असावेत, असं ठरलेलं आहे. हा कार्यक्रम कर्नाटकातल्या बळ्ळारीत १९८० च्या दशकात करून पाहिला गेला आणि १९९६ पासून देशभर टप्प्याटप्प्याने पसरला. पण मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेला माणूस पुण्या-मुंबईतच रमतो. एकीकडे दरवर्षी एम.ए. होऊन बाहेर पडणाऱ्या मुली आणि दुसरीकडे माणूस न मिळालेली पदं, असा हा विचित्र हिशेब आहे.

२०१२ नंतरच्या दुष्काळांनी प्रश्नच बदलून टाकला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभा गहू, हरभरा झोपला. पुढची दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०१५ या एका वर्षात मराठवाड्यात हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला. सरकारने यवतमाळ आणि उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवात) बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, आणि मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प. त्यात आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन विचारते: झोप लागते का, कामात मन लागतं का, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं का. उत्तरांवरून सौम्य, मध्यम, तीव्र असे गट पाडायचे आणि तीव्र असेल त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. पुन्हा मोजणी आधी. फरक इतकाच की मोजणारी या वेळी त्याच गावची सून होती, आणि परत जाणार नव्हती.

या विषयावर संशोधन करणाऱ्याला नमुना कुठून मिळतो, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. यादी तहसीलमधून येते. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवताना सातबारा कुणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचं की सावकाराचं, हे पाहिलं जातं. बाईच्या नावावर सातबारा क्वचित. म्हणून शेतात राबून, कर्जाला कंटाळून मेलेली बाई शेतकरी म्हणून यादीत येत नाही, अन् मग प्रबंधातही येत नाही. खंडाने जमीन कसणाऱ्याचं तेच. मेलेल्याच्या घरच्यांशी बोलून त्याच्या अखेरच्या दिवसांचा माग काढण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेत एडविन श्नाइडमन यांनी तिला मानसशास्त्रीय शवविच्छेदन असं नाव दिलं. ती पद्धत इथे चालवायची तर महसूल खात्याच्या रकान्यांबाहेर पडावं लागेल.

शेजारच्या विदर्भात काय होऊ शकतं हे दिसलंही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शिकवून नैराश्याबद्दल बोलायला आणि धीर द्यायला तयार केलं. गोव्यातल्या 'संगत' संस्थेत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आधी हेच सिद्ध केलं होतं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. नांदेडच्या विद्यापीठातले एम.ए. आणि गावोगावच्या आशा यांची अशी सांगड घालायला कायद्याची आडकाठी नाही, कारण इथे उपचारक म्हणून पाटी लावण्याचा प्रश्नच येत नाही.

सध्या लातूरच्या मानसशास्त्राला सर्वांत जास्त गिऱ्हाईक मिळतं ते मात्र शेतातून नव्हे, शिकवणीच्या वर्गांतून. वाघमारे सरांच्या शाहू महाविद्यालयातून ज्याची कीर्ती पसरली तो परीक्षा-तयारीचा लातूर पॅटर्न आता नीट-जेईईचा मोठा उद्योग झाला आहे, आणि नांदेडही त्याच वाटेवर आहे. परभणी, हिंगोली, बीड, यवतमाळकडची पोरं इथे खोल्या करून राहतात. कित्येकांच्या आया गाव सोडून डबा करायला सोबत येतात, बाप मागे शेतात एकटा. चाचणीत वीस गुण कमी पडले की जेवण सुटतं. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पण खोलीत चौघं असताना फोनवर रडायचं कुठे, हा प्रश्न उरतोच.

या पोरांचे आईबाप कोण आहेत? किल्लारीत १९९३ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आता चाळिशी ओलांडून गेलं आहे. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा इथून लातूरला खोली करून राहणाऱ्या मुलांच्या घरात असा बाप किंवा अशी आई सापडणं अवघड नाही. कुणी वाघोलीत शिकलेलं, कुणी नळदुर्गला वाढलेलं, कुणी शेडमध्येच. लहानपणी एका रात्रीत घर गमावलेली आई मुलाच्या निकालाकडे कसं पाहते, रात्री पत्रा वाजला तर कोण आधी उठतं, घर सोडून मुलाबरोबर शहरात राहताना तिला काय आठवतं, हे विचारायला परदेशी निधी लागत नाही, आग्र्याची प्रश्नावलीही लागत नाही. नांदेडला नाव नोंदवून विषय शोधणाऱ्या एखाद्या मुलीला दोन पिढ्यांचा नमुना एकाच खोलीत मिळेल, आणि ताडून पाहायला पुण्याच्या केंद्राचं १९९० च्या दशकातलं काम आहे.